लांबहात्याचा टोला

माणसं हिरवळीवर गोल्फ खेळू लागली, त्याच्या कितीतरी आधी रानातली जनावरं काठीने कवठ टोलवत. ज्याचं कवठ ओढ्यापलीकडे जाईल, त्याच्या कळपाला उन्हाळाभर डोहावर पहिलं पाणी मिळे.

त्या वर्षी वानरांनी लांबहात्याला पुढे केलं. एवढे लांब हात रानात कुणाचेच नव्हते, आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं. पण सरावात त्याचं प्रत्येक कवठ ओढ्यातच डुबुक करी. समोरच्या काठावर रानडुकरं खिदळत.

"हातांत जोर कमी पडतोय," असं म्हणत तो चिडून आणखी जोरात हाणू लागला.

जांभळीखाली बसलेली अस्वलमावशी म्हणाली, "हातांचं राहू दे रे. जरा खाली बघ."

त्याने पाहिलं. पायांच्या बोटांनी झाडाचं मूळ गच्च आवळून धरलं होतं. फांदीवरची सवय जमिनीवरही सुटली नव्हती.

"पाय बांधून ठेवलेस, कंबर अडकली, आणि हातांना एकटंच धाडलंस," मावशी म्हणाली. "मूळ सोड."

"आणि पडलो तर?"

"जमिनीवरच उभा आहेस ना? मग पडून पडून कुठे पडशील?"

सामन्याच्या दिवशी त्याने मूळ सोडलं. पायांनी रेटा दिला, कंबर वळली, तिच्यामागून हात आले. कवठ सणसणत रानडुकरांच्या डोक्यांवरून पार गेलं.

"काय हात आहेत!" वानरं ओरडली.

"हात?" लांबहात्या हसला. "ते तर सगळ्यांत शेवटी पोचले."