मऊ डांबर

“मग कडक डांबर काहून नको?” भंत्यांनी विचारलं.

प्रसेनजितनं मान वळवली नाही. लडाखच्या त्या उघड्याबोडक्या डोंगरात ऊन होतं, पण वारा हाडं पोखरणारा. भंत्यांच्या कुटीकडं जाणाऱ्या रस्त्याचा शेवटचा तुकडा नुकताच अंथरून, रोलरनं दाबून झाला होता. काळाकुळकुळीत. अजून वाफ निघत होती.

हा भंते एके काळी पुलगावात त्याचा बाप होता. पोरगं शाळेतही जात नव्हतं तेव्हा चीवर पांघरून निघून आला. आता इथलं सारं गाव त्याच्या पाया पडतं. म्हणे, केवढा त्याग! प्रसेनजित इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून रस्त्याच्या कामावर लागला, तर त्याच घरातल्या काका-मामांनी त्याला पळपुटा ठरवलं.

“कडक डांबर नागपूरच्या उन्हाला ठीक,” तो म्हणाला. “इथल्या थंडीत ते आखडतं, तडकतं. तड्यात पाणी शिरतं, गोठतं, फुगतं… आतून रस्ता फोडतं. वरून बघणारा म्हणतो, काय मजबूत काम आहे!”

“आणि मऊ?”

“मऊ दबतं थोडं. उन्हाळ्यात ट्रकांच्या चाकोऱ्या पडतात. ठेकेदार त्यावरून मला शिव्या घालतो. पण हिवाळा काढायला तेच पाहिजे.”

भंते हसले. “म्हणजे थोडं दबलेलं बरं.”

“प्रवचन नको. ते गावाला द्या.”

…

“आई गेली,” प्रसेनजित म्हणाला.

“कळलं. तुझ्या मामाचा फोन आला होता.”

“आणि? काय केलं तुम्ही?”

“तिच्यासाठी ध्यानात मैत्रीभावना केली.”

“वा! इथं बसल्या बसल्या?” त्यानं हातातलं फावडं खडीत खुपसलं. “शेवटपर्यंत एकच विचारत होती. काहून गेले? माझं काय चुकलं? आणि मी शहाणा तिला समजावत होतो, आई, त्याग असतो तो. मेली ती तेच विचारत.”

भंत्यांनी डोळे मिटले.

म्हाताऱ्यांना हे बरं जमतं. उत्तर नसलं की डोळे मिटायचे; लोक त्याला ध्यान म्हणतात.

“डोळे उघडा. मी काही तुम्हाला न्यायला नाही आलो. ती होती तोवर तुम्ही आला असतात तर गोष्ट वेगळी. मला एवढंच सांगा… त्याग होता की पळ?”

…

“बोला ना! गावाला तर रोज सांगता, खरं बोला म्हणून.”

भंत्यांनी चपला काढल्या. त्या बाजूला, नीट जोडून ठेवल्या. मग चीवर सावरलं आणि अनवाणी पाय नव्या रस्त्यावर ठेवला. मग दुसरा.

“अहो, काय करता? गरम आहे ते अजून!”

भंते उभेच राहिले. तळव्याखाली चर्र झालं. आयुष्यभर घडी न मोडलेला तो चेहरा पहिल्यांदाच वेडावाकडा झाला. रोलरवाला खाली उडी मारून धावत आला. प्रसेनजितनं हात आडवा करून त्याला थांबवलं. का थांबवलं, त्याचं त्यालाही कळलं नाही. भाजू दे, असंच काहीसं मनात आलं असावं.

“भाजतंय ना?” त्यानं दात-ओठ खात विचारलं.

“भाजतंय.”

…

वाऱ्यावर जळक्या कातडीचा वास आला. तेव्हा मात्र त्याचा धीर सुटला. त्यानं धावत जाऊन म्हाताऱ्याचा दंड धरला, ओढला. म्हातारा हलेना.

“बाबा! काढा ना पाय!”

“काढता पाय घेऊनच तर इथवर आलो, पोरा.”