परळातलं बारसं

एका गावात एक म्हातारा होता. इतका दयाळू, की वाटेत मुंग्यांची रांग आडवी आली तर हा शेजारच्या चिखलातून जायचा. घराभोवती त्याने पाखरांसाठी पाण्याची मातीची परळं मांडली होती. कुंपणाशी, केळीखाली, ओसरीच्या कडेला, मोजली तर वीस तरी भरली असती.

रोज सकाळी तो त्यांत पाण्याची भर घालायचा, पण जुनं पाणी कधी ओतायचा नाही. एकदा सून म्हणाली, "मामंजी, पाण्यात कसलीशी वळवळ दिसतेय. ओतून घासून घेऊ का?"

"छे छे! पाखरांना दिलेलं पाणी सांडू नये, सूनबाई. दिलं दान परत घ्यायचं नसतं."

आता सासऱ्याच्या पुण्याला हात कोण लावणार? सून बिचारी आपल्या कामाला लागली.

एके दुपारी म्हातारा ओसरीवर लवंडला. शेजारी चार वर्षांची नात झोपली होती. केळीची पानं हलत होती, ऊन कधी भिंतीवर तर कधी डोळ्यांवर येत होतं. त्याचा डोळा लागतो न लागतो तोच कानाशी कुणी गुणगुणलं, "आजोबा, चला ना. आमच्याकडे बारसं आहे."

पाहतो तर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं लुगडं नेसलेली डासीण! म्हातारा तांदळाच्या दाण्याएवढा झाला आणि तिच्यामागून परळात उतरला. आत हिरवा, गार उजेड होता. वर पाण्याचं छत, आणि त्याला उलटी लोंबकळत शेकडो बाळं झुलत होती. बायका पाळणा म्हणत होत्या. त्यांनी म्हाताऱ्याला पाटावर बसवून ओवाळलं.

"तुमच्यासारखा माणूस पंचक्रोशीत नाही, आजोबा. महिना झाला, आमच्या लेकरांना कुणी धक्का लावला नाही!"

म्हाताऱ्याला भरून आलं. त्याने मायेने विचारलं, "आणि पोरी मोठ्या झाल्या की पोटापाण्याचं काय गं?"

"त्याची चिंताच नाही. दारातच सोय आहे. तुमच्या नातीचे पाय किती मऊ! रोज तिथंच जेवतो आम्ही."

म्हातारा दचकून उठला. नातीच्या पायांवर लाल गांधी उठल्या होत्या आणि अंग तव्यासारखं तापलं होतं. सून तिला आत निजवून वैद्याकडे धावली. म्हातारा परळापाशी जाऊन उभा राहिला. जन्माचं पुण्य, ते सांडायचं कसं? हात पुढे होईना. तेवढ्यात आतून पोर कण्हली.

त्याने पहिलं परळ कोरड्या मातीत उपडं केलं. मग दुसरं, मग तिसरं. मातीत ती लेकरं वळवळली आणि निपचित पडली. म्हाताऱ्याला रडू आलं, पण विसावं परळ रिकामं होईपर्यंत तो थांबला नाही. मग काथ्याने सगळी परळं काठापासून तळापर्यंत घासली, उन्हात वाळवली आणि ताज्या पाण्याने भरली.

आठ दिवस ताप हटेना. घरात कुणाला घास गोड लागला नाही. नवव्या दिवशी पोरीला घाम फुटला आणि ती भिंत धरत धरत ओसरीवर आली. म्हातारा आठवड्यानंतर पुन्हा परळं घासत होता, आणि भरलेल्या एका परळात चिमण्या पंख फडफडवत अंघोळ करत होत्या.

पोर बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आजोबा, आधी तुम्ही यांना शिळं पाणी का देत होता?"

म्हाताऱ्याने हातातला काथ्या खाली ठेवला. त्याने तिला पोटाशी धरलं.

तात्पर्य: दया एकदा करून भागत नाही, आठवड्याला ती ओतून, घासून, वाळवून पुन्हा भरावी लागते.