ठिपकी मुंगी आणि झोपलेला लॅपटॉप

परवा रात्रभर मला झोप नव्हती. कारण सांगायला लाज वाटावी इतकं छोटं आहे. आमच्या केतकीची बादली.

बागेत वाळूत खेळताना एका मुलाने ती घेतली. केतकी म्हणाली, "दे ना." तो म्हणाला, "नाही." केतकी म्हणाली, "बरं." आणि रिकाम्या हातांनी माझ्याजवळ येऊन बसली. बाकावरच्या बायका म्हणाल्या, "किती गुणी आहे हो." मला मात्र काळजी लागली. तीन वर्षांची पोर एका "नाही"वर परत फिरते, तर हिचं पुढे कसं व्हायचं? एका पुस्तकात लिहिलंय, मुलांना हट्ट करू द्या. दुसऱ्यात लिहिलंय, अजिबात करू देऊ नका. दोन्ही पुस्तकं मीच विकत आणली आहेत.

त्यातच दसऱ्यानंतर आमचा लॅपटॉप सुरू होईना. शेवटी मी दोन्ही काळज्या एकत्र कालवल्या आणि त्यांची एक गोष्ट केली. रविवारी दुपारी केतकीला झोपवताना सांगितली. ती ही अशी.

एक होती मुंगी. इतकी लहान, इतकी लहान, जणू पेनाने काढलेला ठिपका. म्हणून तिचं नाव ठिपकी.

दसरा आला. आईने पाट मांडला. पाटावर विळी ठेवली. कात्री ठेवली. बाबाचा हातोडा ठेवला. आणि आईचा लॅपटॉप ठेवला. तोही काम करतो ना, मग त्याचीही पूजा. हळद लावली. कुंकू लावलं. झेंडूचं फूल ठेवलं. लाल लाल अक्षता टाकल्या. भुरुभुरु, भुरुभुरु. एक अक्षत इकडे गेली. एक तिकडे गेली. एक कुठे गेली, कुणालाच दिसलं नाही. मग चिमूटभर साखरेचा नैवेद्य.

पूजा झाली. आज लॅपटॉपला सुट्टी. उद्याही सुट्टी. लॅपटॉप झोपला. घुर्र घुर्र. झोपून झोपून त्याचं पोट रिकामं झालं.

मग आईने त्याला टेबलावर ठेवलं. त्याच्या पाठीवर साखरेचा एक दाणा राहिला होता. ठिपकीने पाहिला. उचलला. डोक्यावर घेतला. निघाली घरी. तुरुतुरु, तुरुतुरु.

लॅपटॉपच्या कडेला होती एक जाळी. दाणा घरंगळला. टुप. जाळीतून आत.

ठिपकी आत गेली. आत छोटासा पंखा. पंख्याच्या पात्याखाली दाणा. ठिपकीने ओढला. हलेना. ढकलला. हलेना. पंखा फिरेल, तरच दाणा सुटेल. लॅपटॉप जागा होईल, तरच पंखा फिरेल.

ठिपकी बाहेर आली. रडली का? थोडीशी रडली. मग डोळे पुसले. म्हणाली, "माझा दाणा आहे. मी नेणार."

ठिपकी लॅपटॉपच्या कानाशी गेली.

"लॅपटॉपराव, लॅपटॉपराव, जागे व्हा ना. माझा साखरेचा दाणा सुटेना."

लॅपटॉप म्हणाला, "मी नाही जागा होणार. पोटात काही नाही माझ्या. आधी चार्जर भरवेल, मग मी जागा होईन."

ठिपकी म्हणाली, "बरं. मग मी चार्जरकडे जाते."

तुरुतुरु, तुरुतुरु.

चार्जर वेटोळं घालून बसला होता. नागोबासारखा.

"चार्जरदादा, चार्जरदादा, लॅपटॉपला भरव ना. लॅपटॉप जागा होईना, माझा साखरेचा दाणा सुटेना."

चार्जर म्हणाला, "मी नाही भरवणार. आधी बटण दबेल, मग मी भरवीन."

ठिपकी म्हणाली, "बरं. मग मी बटणाकडे जाते."

तुरुतुरु, तुरुतुरु.

बटण होतं भिंतीवर. उंच. ठिपकी चढली. घसरली. सर्रर्र. परत चढली.

"बटणभाऊ, बटणभाऊ, दब ना. चार्जर भरवेना, लॅपटॉप जागा होईना, माझा साखरेचा दाणा सुटेना."

बटण म्हणालं, "मी नाही दबणार. तू नाच माझ्यावर, तरी नाही दबणार." ठिपकी नाचली. थुईथुई, थुईथुई. बटण दबलं नाही. "बघ, सांगितलं ना? आधी आत्याआजी उठेल, मग मी दबेन."

ठिपकी म्हणाली, "बरं. मग मी आत्याआजीकडे जाते."

तुरुतुरु, तुरुतुरु.

आत्याआजी म्हणजे बाबाची आत्या. ती खुर्चीत बसून लसूण सोलत होती.

"आत्याआजी, आत्याआजी, ऊठ ना. बटण दबेना, चार्जर भरवेना, लॅपटॉप जागा होईना, माझा साखरेचा दाणा सुटेना."

"कोण गं ती? मुंगी का? जरा कानाजवळ येऊन बोल." ठिपकीने कानाजवळ जाऊन सगळं परत सांगितलं. आत्याआजी म्हणाली, "मी नाही बाई उठणार. चष्म्याशिवाय मला कुठलं बटण कुठलं ते दिसत नाही. मागे दाबलं, तर फ्रिजच बंद झाला. दही आंबट ढॅण. आधी चष्मा निघेल, मग मी उठेन."

"कुठे ठेवला होतास?"

"ते माहीत असतं, तर हरवला असता का?"

ठिपकी म्हणाली, "बरं. मग मी चष्म्याकडे जाते."

तुरुतुरु, तुरुतुरु.

टेबलाखाली पाहिलं. नाही. देवापुढे पाहिलं. नाही. दिवाणावर पाहिलं. दिवाणावर माऊ झोपली होती. माऊच्या पोटाखालून एक काडी दिसली. चष्म्याची काडी.

"चष्मेकाका, चष्मेकाका, निघा ना. आत्याआजी उठेना, बटण दबेना, चार्जर भरवेना, लॅपटॉप जागा होईना, माझा साखरेचा दाणा सुटेना."

चष्मा म्हणाला, "मी नाही निघणार. ही बया बसलीय माझ्यावर. आधी माऊ हलेल, मग मी निघेन."

ठिपकी म्हणाली, "बरं. मग मी माऊकडे जाते."

फार लांब नव्हतं. तरी तुरुतुरु, तुरुतुरु.

"माऊताई, माऊताई, हल ना. चष्मा निघेना, आत्याआजी उठेना, बटण दबेना, चार्जर भरवेना, लॅपटॉप जागा होईना, माझा साखरेचा दाणा सुटेना."

माऊने एक डोळा उघडला. तोही अर्धाच. म्हणाली, "मी नाही हलणार. इथे ऊन आहे. छान ऊन आहे. आधी ऊन सरकेल, मग मी हलेन."

ठिपकी म्हणाली, "बरं. मग मी उन्हाकडे जाते."

तुरुतुरु, तुरुतुरु.

ऊन दिवाणावर पसरलं होतं. पिवळं पिवळं. उबदार.

"उन्हा, उन्हा, सरक ना. माऊ हलेना, चष्मा निघेना, आत्याआजी उठेना, बटण दबेना, चार्जर भरवेना, लॅपटॉप जागा होईना, माझा साखरेचा दाणा सुटेना."

ऊन हसलं. म्हणालं, "मी लगेच नाही सरकणार. आधी तू थांबशील, मग मी सरकेन."

ठिपकी म्हणाली, "थांबायचं? नुसतं?"

"नुसतं."

ठिपकीला थांबायला आवडत नाही. कुणालाच आवडत नाही. पण ती म्हणाली, "बरं. मग मी थांबते."

ती थांबली.

थांबली.

(इथे वाचणाऱ्यानेही थांबायचं. खरंखुरं थांबायचं. मूल "पुढे?" म्हणालं, तरी थोडं आणखी.)

थांबली.

आणि ऊन सरकलं. हळूच. सुर्रर्र.

माऊला गार लागलं. माऊ हलली. म्याँव.

चष्मा निघाला. चकचक चकचक.

आत्याआजी उठली. "अगं बाई, इथे होय मेला," म्हणाली. चष्मा पुसला. नाकावर ठेवला.

बटण दबलं. टक्.

चार्जरचा दिवा लागला. हिरवा हिरवा.

आत्याआजीने चार्जरची पिन हातात घेतली. लॅपटॉपच्या भोकाशी नेली. आणि...

ठक्.

पिन आत जाईना.

आत्याआजीने परत घातली. ठक्. पिन फिरवून घातली. ठक्. भोकावर फुंकर मारली. फू फू. लॅपटॉपच्या पाठीवर थापटलं. थप थप. ठक्.

"राहू दे," आत्याआजी म्हणाली. "संध्याकाळी दुकानात देऊन येऊ." आणि ती लसूण सोलायला बसली.

दुकानात? लॅपटॉप दुकानात गेला, तर दाणाही दुकानात जाणार. कुठलं दुकान, कुठली गल्ली, ठिपकीला कसं सापडणार?

ठिपकीने मागे पाहिलं. आता कुणाकडे जाऊ? ऊन सरकलं होतं. माऊ हलली होती. चष्मा निघाला होता. आत्याआजी उठली होती. बटण दबलं होतं. चार्जरचा दिवा लागला होता. सगळ्यांनी आपापलं काम केलं होतं. आता कुणीच उरलं नव्हतं.

कुणीच?

ठिपकीने विचार केला. मग म्हणाली, "बरं. मग मी माझ्याकडे जाते."

आणि ती त्या भोकात शिरली. (भोकात बोट घालायचं नसतं हं. टाचणीही नाही. हे फक्त मुंगीलाच चालतं.)

आत अंधार. गुडुप अंधार. ठिपकी चाचपत गेली. एक पाय पुढे. दुसरा पाय पुढे. आणि डोक्याला काहीतरी लागलं. टण.

गोल नाही. चौकोनी नाही. लांबट. टोकदार. लाल लाल.

अक्षत.

तीच ती, दसऱ्याची. कुठे गेली ते कुणालाच दिसलं नव्हतं, ती.

ठिपकीने अक्षत तोंडात धरली. ओढली. हलेना. परत ओढली. हलेना. पाय रोवले. डोळे मिटले. ओढ ओढ ओढ.

हलली. एवढीशी.

ओढ ओढ ओढ.

पुळुक. अक्षत बाहेर. ठिपकी बाहेर. दोघी टेबलावर उताण्या.

आत्याआजीने लसूण खाली ठेवला. चष्मा वर केला. चष्मा खाली केला. "ही तर आपली दसऱ्याची अक्षत," ती म्हणाली, आणि तिने पिन परत घातली.

पिन आत गेली. खट्.

चार्जरने भरवलं. गट् गट् गट्.

लॅपटॉप जागा झाला. टिंग.

पंखा फिरला. भुर्रर्र.

दाणा सुटला. जाळीतून उडाला. टुण्ण. ठिपकीच्या अगदी पुढ्यात.

लॅपटॉपने जांभई दिली. म्हणाला, "तरीच. दसऱ्यापासून माझ्या घशात काहीतरी टोचत होतं."

ठिपकी म्हणाली, "मग आधी नाही सांगायचं?"

लॅपटॉप म्हणाला, "कुणी विचारलंच नाही."

आत्याआजीने अक्षत उचलून ठिपकीजवळ ठेवली. "घे. ही पण तुझीच. तूच तर काढलीस."

ठिपकीने साखरेचा दाणा डोक्यावर घेतला. अक्षत मागे ओढली. आणि निघाली. जरा हळू, कारण ओझं होतं. तुरु... तुरु... तुरु... तुरु.

दाणा मिळाला, मुंगी निघाली, गोष्ट आपली घरी पोचली.

केतकी डोळे टक्क उघडे ठेवून पडली होती. म्हणजे झोपवण्याच्या कामी गोष्ट फुकटच गेली.

"परत सांग," ती म्हणाली.

"आता नाही," मी म्हणाले. "उद्या."

आणि म्हणता म्हणता मीच जीभ चावली. झालं. आता ही "बरं" म्हणणार आणि भिंतीकडे तोंड करून निजणार. एवढी मोठी मुंगीची गोष्ट सांगून शेवटी "नाही" म्हणायला मीच पहिली.

"बरं," केतकी म्हणाली.

मग पांघरूण बाजूला सारलं. पोटावर सरकत पलंगावरून खाली उतरली. फ्रॉक नीट केला. दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली,

"मग मी बाबाकडे जाते."