राजानं विझवलेली चूल

फार पूर्वी धान्यपुरात चंडसेन नावाचा राजा गादीवर होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. राजा तसा वाईट नव्हता. फक्त जन्मात त्याला कुणी 'नको' म्हटलं नव्हतं, त्यामुळे तो शब्द त्याला ऐकूच यायचा नाही.

राज्याच्या टोकाला सातकडा नावाचा डोंगरी मुलुख होता. तिथली रीत अशी, की पाहुणा आला की त्याला चुलीसाठी तीन दगड आणि घरातला विस्तव द्यायचा. निघताना पाहुण्यानं यजमानासमोर आपल्या हातानं चूल विझवायची आणि दगड परत करायचे. चूल पेटती आहे तोवर ती जागा पाहुण्याची, आणि तिच्यात लाकूड सारणारा तो पाहुण्याचा माणूस.

राजाचा आजोबा तिथं एका रात्रीपुरता उतरला होता. त्यानं चूल विझवलीच नाही. उलट तिच्याभोवती किल्ला बांधला.

पुढं नातवाच्या राज्यात डोंगरातले लोक बिथरले. आधी नुसत्या खोड्या. शिपाई उठून बघतात तर वहाणा झाडावर, घोड्यांच्या शेपट्या एकमेकींना बांधलेल्या. शिपायांनी चिडून गावं जाळली. मग खोड्या बंद झाल्या आणि खिंडीत वरून धोंडे यायला लागले. रोज कुणीतरी मरायचं, इकडचं नाहीतर तिकडचं.

राजा स्वतः किल्ल्यावर आला. थोडे दिवस राहिला आणि समजला, की हा मुलुख राखणं आता आपल्याच्यानं होत नाही. त्यानं सेनापती वज्रबाहूला आणि अमात्याला बोलावलं.

वज्रबाहू म्हणाला, "महाराज, अंधारात गुपचूप सटकू. चूल पेटती ठेवू. धूर दिसला की त्यांना वाटेल आपण आहोतच. ढवळू बसेल लाकडं सारत."

ढवळू त्याच डोंगरातला. राजाचा दुभाष्या. बायको पवनी आणि तान्ही मुलगी यांना घेऊन तो किल्ल्यातच राहायचा.

"त्याला सांगायचं?" राजानं विचारलं.

"सांगितलं तर थांबेल का तो?"

बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, पेटती चूल सोडून गेलात, तर त्यांच्या लेखी तुम्ही गेलाच नाहीत. लाकूड सारणाऱ्या ढवळूला ते मारतील, त्याच्या बायकोपोरीला मारतील. आणि खिंडीत तुमच्या डोक्यावर धोंडे पडतील ते वेगळेच."

"तू गप्प बस," राजा म्हणाला. "माझ्या हत्तीवर माझ्या शेजारी बस. घरी पोचलो की तुला या वज्रबाहूच्याही वर नेमतो."

वज्रबाहूचं तोंड एवढंसं झालं.

"बसतो की," बोधिसत्त्व म्हणाला. "पण इथंच, ढवळूच्या शेजारी. तुम्ही व्हा पुढं."

"अरे मरशील!"

"बहुतेक."

राजानं मिशी ओढली. मग म्हणाला, "मग करू काय?"

"दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर, आपल्या हातानं चूल विझवा."

"लोक हसतील."

"हसू द्या. पोट धरून हसणाऱ्याचे हात धोंडा ढकलायला मोकळे नसतात."

सकाळी ढवळू डोंगरात गेला. बंडवाल्यांची म्होरकी उंबरी, ही त्याची सख्खी मावशी.

"मावशे, राजानं चूल विझवायला बोलावलंय."

"कुणाची?"

"स्वतःची."

"चल, थापाड्या!" उंबरी म्हणाली. पण आली. सगळा डोंगर तिच्या मागं आला.

राजानं घागर ओतली. आजोबापासूनची चूल ती, एका घागरीनं कुठली विझते? फस्सकन राख उडाली आणि राजाच्या मिशा पांढऱ्या झाल्या. तो खोकत सुटला. डोंगर हसायला लागला. राजानं दुसरी घागर आणली, तिसरी आणली, शेवटी गुडघे टेकून हातानं निखारे कालवले. मग कुणी हसलं नाही.

त्यानं तिन्ही दगड उंबरीपुढं ठेवले. "उशीर झाला," तो म्हणाला.

"झाला," उंबरी म्हणाली.

बोधिसत्त्वानं विचारलं, "आणि ढवळूचं काय?"

"चूल विझली, तो सुटला. रीत रीत आहे." उंबरीनं ढवळूकडं बघितलं. "पण यानं दाखवलेल्या वाटेनं शिपाई आले आणि माझा लेक मेला. हा समोर असला तर मला घास गिळवणार नाही. कधीतरी रीत विसरेन मी."

ढवळूनं मान खाली घातली. पवनीच्या कडेवरची पोर उंबरीची माळ ओढत हसत होती.

"हिला आधी न्या बाबा," उंबरी म्हणाली, "नाहीतर माझा रागच जाईल."

बोधिसत्त्वानं राजाकडं बघितलं. राजानं आपला हत्ती पुढं आणवला आणि बाकीच्या हत्तींवरचं सामान उतरवायला सांगितलं. किल्ल्यावर चाकरी केलेली जी डोंगरी माणसं निघायला तयार होती, ती हत्तींवर बसली. तंबू, पेटारे, वज्रबाहूचा पलंग, सगळं तिथंच राहिलं.

खिंडीत दोन्ही कड्यांवर माणसं बसली होती आणि प्रत्येकाजवळ एक धोंडा होता. खालून राजा चालत होता, सगळ्यांत मागं बोधिसत्त्व. वरून कुणीतरी सुपारीएवढा खडा टाकला. राजा टुणकन उडाला. सगळी खिंड हसली. दुसरं काही पडलं नाही.

ही कथा सांगून शास्ते भिक्खूंना म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे हा कुमुद. गावानं चातुर्मासाला दिलेली झोपडी न झाडता, न सांगता हा परवा मागच्या दारानं निघून आला. ती युक्ती देणारा भद्रक, तो वज्रबाहू. झोपडी देणारी म्हातारी उपासिका ही उंबरी. कुमुदच्या वाट्याची बोलणी खाणारा तिचा राखणदार, तो ढवळू. आणि अमात्य मीच होतो. निघून जाण्यात लाज नाही, भिक्खूंनो. खोटा धूर सोडून जाण्यात आहे. त्या जन्मात मी सत्याची पारमिता, म्हणजे सत्य पाळण्याची साधना, पुरी केली."

कुमुद उठला, कोपऱ्यातली केरसुणी घेतली आणि पुढच्या दारानं गावाकडं निघाला.