दोन जावांचं दार

बोरवडीत दोन फळ्यांचा दरवाजा फक्त इनामदारांच्या घराला. बाकीच्यांनी घराला एकच फळी लावायची, असा त्यांचा दंडक होता. पण अंबाक्काचा गोठा घरातच, आणि तिची गाभण म्हैस आता दारात अडकायला लागली होती. अंबाक्का हट्टाला पेटली. तिनं भिंत फोडून ऐसपैस दोन फळ्या बसवल्या.

इनामदार तणतणत आले. "माझी बरोबरी करतेस? एक फळी उतरव!"

"बरोबरी कसली, सरकार? दोन चुली म्हणजे दोन घरं, असा निवाडा करून मला आणि माझ्या जावेला तुम्हीच वेगळं केलंत. डावी फळी माझ्या घराची, उजवी तिच्या."

जमलेली माणसं गालात हसली. इनामदार लालबुंद झाले. "ते काही नाही! एक उतरलीच पाहिजे!"

"उतरवा की," अंबाक्का बाजूला सरली. "पण मग ते घर उघडं पडणार. आणि रयतेच्या घराची राखण इनामदारांनी करायची, हा दंडकही तुमचाच. तेव्हा फळी उतरवलीत की तिच्या जागी तुम्हीच उभे राहा."

इतक्यात म्हैस चरून परतली. तिला वाट द्यायला इनामदारच आधी बाजूला झाले.