मामलेदारांचा वर गेलेला हात

कोकणातल्या एका संस्थानात तेंडोलकर नावाचे मामलेदार होते. सरकारी कोठारातलं धान्य कुठं गेलं, असं कोणी नुसतं पुटपुटलं तरी त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जत्रेत दशावताराचा खेळ होणार हे कळताच त्यांनी नाटक कंपनीचे मालक जिवबा पालव यांना बोलावून घेतलं.

"आधी नाटक लिहून आणा. मी वाचीन, खोडीन, मगच खेळ!"

जिवबा चक्रावले. दशावतारात लिहिलेलं काही नसतंच. नट उभा राहतो आणि सुचेल तसं बोलतो. पण नाही म्हणावं, तर जत्रेचा खेळ बुडाला! डोकं खाजवत ते म्हणाले, "साहेब, आमचं नाटक आमच्या तोंडात. तुम्हीच रंगमंचावर बसा. खटकलं की हात वर करा, तिथल्या तिथं गाळू."

साहेब खूश! जरीचा फेटा बांधून ते रंगमंचावर खुर्ची टाकून बसले. समोर सारा गाव.

राक्षसाच्या वेषातले जिवबा गरजले, "प्रजेचं धान्य मी खाल्लं! बोलेल त्याची जीभ छाटीन!"

मामलेदारांचा हात ताडकन वर गेला. "गाळा हे! हा माझा अपमान आहे!"

जिवबांनी तलवार खाली ठेवली आणि हात जोडले. "गाळलं, साहेब. पण मी राक्षसाबद्दल बोलत होतो. तो राक्षस तुम्ही, हे गावाला तुम्हीच सांगितलंत."

जत्रा हास्यात बुडाली आणि साहेबांनी फेटा सावरत पळ काढला. तेव्हापासून त्या गावात राक्षस गरजला, की सगळे प्रेक्षक हात वर करून ओरडतात, "गाळा हे!"