रिकामं सूप

लई जुनी गोष्ट आहे. पोरांनो ऐका, आणि पोरांच्या आईबापांनो, तुम्ही तर कान उघडे ठेवूनच ऐका.

नदीकाठी एक गाव होतं. गावात एक कारभारीण होती. गावाची सेवा सगळ्यात जास्त कुणी केली, ते दरसाली सुगी संपली की तीच ठरवायची. रीत अशी, की सेवेकऱ्यांनी पारावर आपापलं सूप मांडायचं. आपल्या अडीनडीला जो धावून आला, त्याच्या सुपात प्रत्येकानं ओंजळभर ज्वारी टाकायची. ज्याची रास मोठी, त्याला मानाची शाल. ज्याचं सूप रिकामं, त्यानं पुन्हा गावाच्या कामाला हात लावायचा नाही.

त्या साली गावात तापाची साथ येऊन गेली होती. माणसं पटापट मेली. घरच्यांनी भिऊन मढी उंबऱ्याबाहेर सारली आणि दारं लावून घेतली. गावाबाहेर एक बाई राहायची, चूल सारवायची पांढरी माती विकायची. ती तेवढी आली. मढ्यांना आंघोळ घालायची, मातीच्या गाड्यावर घालून मसणात न्यायची, अग्नी द्यायची.

कारभारणीची सासूही तिनंच नेली होती. कारभारणीनं ते दाराच्या फटीतून बघितलं होतं.

पारावर सुपं मांडली गेली. पाणपोईवाल्यानं जत्रेत गूळपाणी वाटलं होतं, त्याच्या सुपात रास चढली. मातीवालीच्या सुपात दाणा पडला नाही.

"काय गं मातीवाले," पाणपोईवाला म्हणाला, "तुझी माणसं मसणातनं उठून यायची का ज्वारी टाकायला?"

लोक फिदीफिदी हसले.

"ती कुठली येत्यात, दादा," ती म्हणाली. "पण त्यांच्या घरची हितंच बसल्यात की समदी."

हसू थांबलं. माना खाली गेल्या. ज्वारी टाकायची म्हणजे चारचौघांत कबूल करायचं, की आपलं माणूस आपणच बाहेर टाकलं. कुणी उठेना.

कारभारणीच्या ओटीत ज्वारी होती. तिनं मूठ भरली. मग सगळं गाव आपल्याकडं बघतंय हे तिला दिसलं, आणि तिनं मूठ सोडून दिली.

"रीत ती रीत," ती म्हणाली. "शाल पाणपोईवाल्याला. तू सूप उचल, बाई."

मातीवालीनं सूप काखेत मारलं. जाता जाता ती कारभारणीच्या कानाशी वाकली.

"सासूबाईंचे डोळे मी मिटवले हां. उघडेच होते. दाराकडं."

त्याच दिवशी ती गाडा घेऊन गाव सोडून गेली.

पुढल्या साली ताप परत आला. कारभारणीचा नवरा आडवा पडला, थोरला लेक गेला. ती दारोदार हिंडली. पाणपोईवाला आतूनच बोलला, "आक्का, माझी लेकरं लहान हाईत." बाहेरचं वारं आत येऊ नये म्हणून त्यानं दाराखालच्या फटीत काहीतरी कोंबलं होतं. ती मानाची शाल होती.

शेवटी तिनं लेकाला वाकळेत गुंडाळलं आणि एकटीनंच मसणवाटेला ओढत नेलं. अर्ध्या वाटेत वाकळ फाटली. लेकाची टाच धुळीत रेघ ओढत गेली. दोन्ही अंगाच्या दारांच्या फटींतून डोळे बघत होते. ते कसे बघतात, हे तिला सांगायची गरज नव्हती.

ध्यानात ठेवा: आपली लाज झाकायला जो दुसऱ्याची सेवा नाकारतो, तो आपल्याच वाईट दिवसाचा सोबती हाकलून देतो.